जूनची म्हैस

हुबळीकडं, केलगेरीच्या आमच्या घरात कॅलेंडरं फार होती. स्वयंपाकघरात एक, देवाजवळ पंचांगाचं एक, आणि अण्णांच्या खोलीत तर भिंतीचा रंग दिसू नये इतकी. औषध कंपन्यांची माणसं दर नव्या वर्षाला ती आणून द्यायची आणि प्रत्येकावर एखादी धष्टपुष्ट गाय नाहीतर म्हैस कॅमेऱ्याकडं पाहत उभी असायची. अण्णा म्हणजे माझे वडील, सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर. आमच्याकडच्या पुष्कळ मराठी घरांतल्यासारखी मीही वडिलांना अण्णाच म्हणायची. घरात मराठी, दारात आलेल्याशी कन्नड, आणि रागवायचं झालं की दोन्ही. अण्णा, आई आणि मी, वृंदा, एवढीच माणसं. पण सकाळी सहापासून पडवीत कुणी ना कुणी बसलेलं असायचं. कुणाच्या बैलाचं खूर सुजलेलं, कुणाची गाय चारा खात नाही, कुणाची म्हैस गाभण आहे का ते बघायला या म्हणून निरोप. आई स्वयंपाकघरातून आवाजावरूनच माणसं मोजायची आणि तेवढे कप चहा बाहेर जायचा. शेणाचा, फिनेलचा आणि आल्याच्या चहाचा असा एक मिळून वास होता आमच्या सकाळींना. अजून कुठं आल्याचा चहा उकळत असला की मला मागोमाग फिनेलचा वास येतो, आणि तो तिथं नसतो.

अण्णा बोटांच्या पेरांवर हिशेब करायचे. म्हैस तीनशे दहा दिवसांनी विते. कुणी म्हटलं की अमुक तारखेला म्हैस भरवली, म्हणजे रेडा दाखवला, की अण्णांचा अंगठा पेरांवरून सरसर फिरायचा आणि ते विण्याची तारीख सांगायचे. "जूनची म्हैस एप्रिलात, जुलैची मेमध्ये," असं पुटपुटत त्यांनी माझ्या लहानपणी मला महिने शिकवले. गाभण असल्याची खात्री झाली की एका पिवळ्या कार्डावर ते तारीख लिहून देत. कधी आटवायची, म्हणजे धार काढणं कधी बंद करायचं, आणि कधी विणार. ती कार्डं लोक देवाच्या फोटोमागं खोचून ठेवत.

अशा घरात कॉम्प्युटर आला तो प्रकाशमामामुळं. मामा जहाजावर नोकरीला होता. त्यानं कधीकाळी परदेशातून आपल्या मुलासाठी तो आणला होता. मुलाचा जीव त्यात रमला नाही, म्हणून जुन्या पत्र्याच्या पेटीतून तो आमच्याकडं आला. आता कॉम्प्युटर म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं ते त्यात काही नव्हतं. पाटीएवढा काळा कळफलक, त्यावर रबराच्या कळा, बस्स. पडदा म्हणजे आमचा काळापांढरा टीव्ही, आणि साठवणूक म्हणजे गाण्यांचा टेपरेकॉर्डर. प्रोग्रॅम कॅसेटवर उतरवायचा आणि पुन्हा हवा असला की कॅसेट वाजवायची. पाच मिनिटं त्यातून असा कर्कश किंकाळीसारखा आवाज यायचा की पडवीतले लोक दचकून आत बघायचे. आई म्हणायची, "कुकर बरा की ग, निदान शिजल्यावर गप बसतो."

मी तेव्हा बारावीत होते. वर्गातल्या मैत्रिणी हुबळीला कोप्पीकर रोडवरच्या क्लासला जायच्या, तिथं रंगीत पडदे आणि माउस. मी एकदा तिथल्या एका दुकानात टीव्हीला जोडायची वायर मागायला गेले. दुकानदारानं माझ्या हातातलं तुटकं टोक उजेडात धरून पाहिलं आणि विचारलं, "हे अजून चालतंय?" मी हो म्हटलं. त्यानं आतल्या माणसाला हाक मारून दाखवलं. पण वायर मात्र अर्धा तास खपून जोडून दिली. परत येताना बसस्टँडावर मी चुरमुऱ्यांचं गिरमिट खाल्लं, सोबतची मिरची भजी जरा जास्तच तिखट होती, आणि डोळ्यांतलं पाणी त्या भज्यांचंच आहे अशी मी स्वतःची समजूत घातली.

मामानं पेटीत एक पुस्तकही ठेवलं होतं. त्यावरून मी बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकले. आधी नाव छापणं, मग पाढे, मग चेंडू उड्या मारणं. ह्यातलं काहीच अण्णांनी कधी थांबून पाहिलं नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी ते दहाबारा कार्डं पुढ्यात घेऊन बसले होते आणि अंगठा पेरांवर अडखळत होता. दिवसभर गावं हिंडून दमले होते. मी म्हटलं, "अण्णा, हे मी करून देऊ? कॉम्प्युटरवर?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्याला म्हशीचं काय कळतंय?"

"दिवस कळतात."

"बघू," ते म्हणाले. एवढंच. पण मला तेवढं पुरलं.

पहिला प्रोग्रॅम फसला. तारखेचे आकडे टाइप करायचे होते आणि अण्णांना ते जमेना. कधी महिना आधी, कधी दिवस, कधी शून्य राहून जायचं. शेवटी वैतागून ते म्हणाले, "मला आकडे सांगू नको. मला कॅलेंडर दिसलं पाहिजे. भिंतीवर बघतो तसं." मग मी ते केलं. टीव्हीवर एका महिन्याच्या सगळ्या तारखा चौकटींत मांडल्या, वर इंग्रजीत महिन्याची तीन अक्षरं, आणि तारखांवरून फिरणारा एक पांढरा चौकोन. कळांनी चौकोन डावी-उजवीकडं, वर-खाली न्यायचा. दोन कळा महिना मागं-पुढं करायला. आणि हवी ती तारीख आली की एक कळ दाबून ती उचलायची. आज हे सांगायला काहीच वाटत नाही. रेल्वेचं तिकीट काढताना मोबाइलवर जे येतं तेच की हे! पण मला ते कुणी दाखवलेलं नव्हतं. आमच्या भिंतीवरूनच मी ते उतरवलं होतं. अण्णांनी पहिल्यांदा चौकोन फिरवला तेव्हा त्यांची मानही त्याच्याबरोबर फिरत होती.

मग मागण्या वाढल्या. गायीला दोनशे त्र्याऐंशी दिवस, शेळीला दीडशे. प्रत्येकीसाठी मी वेगळा प्रोग्रॅम लिहीत बसले आणि कंटाळले. तेव्हा मला सुचलं ते मात्र अजूनही मला माझं सगळ्यात चांगलं काम वाटतं. तारीख उचलायचा भाग मी एकदाच लिहिला आणि बाकी काय करायचं ते अण्णांनीच त्याला सांगावं अशी सोय केली. डी म्हणजे तारीख उचल, अधिक तीनशे दहा म्हणजे तेवढे दिवस पुढं जा, उणे म्हणजे मागं, पी म्हणजे दाखव. अशा चार खुणा एका ओळीत लिहिल्या की झालं. आम्ही त्या ओळीला चिठ्ठी म्हणायचो. अण्णांना ह्या चिठ्ठ्यांचं वेडच लागलं. औषध कंपन्यांच्या पॅडवर शाईपेननं ते चिठ्ठ्या लिहून ठेवत, मग एकेक बोटानं टाइप करत. एकदा त्यांनी मला न विचारता विण्याची तारीख दाखवून तिथून साठ दिवस मागं जाऊन आटवायची तारीखही दाखवणारी चिठ्ठी केली आणि मला हाक मारली, "वृंदा, हे बघ की, हे मी केलं." पन्नाशीचा माणूस, दिवसाला तीन गावं पालथी घालणारा, आणि टीव्हीपुढं मांडी घालून पोरासारखा बसलेला. आईनंही स्वतःची एक चिठ्ठी करून घेतली, गॅसचा सिलिंडर किती दिवसांनी संपेल त्याची. ती तिच्या अंदाजापेक्षा कधीच जास्त बरोबर आली नाही.

दोन-तीन महिन्यांत अण्णांनी पेरं मोजणं सोडलं. मला ते दिसत होतं आणि त्याचा मला अभिमान वाटत होता.

मधे एकदा ते म्हणाले होते, "तुझं हे कधी कधी एक पाऊल कमी जातं ग. महिना मागं घ्यायला दाबलं तर हलत नाही." मी अभ्यास करत होते. मान वर न करता म्हटलं, "रबर जुनं झालंय अण्णा. पुन्हा दाबा." ते बरं म्हणाले आणि पुन्हा दाबू लागले. हे वाक्य मी गेल्या तीस वर्षांत किती वेळा आठवलंय ते मला सांगता येणार नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी गंगाक्का आमच्याकडं आली होती. अळणावरच्या अलीकडं एका खेड्यात तिचं घर, बोली मराठीच. नवरा लाकडाच्या वखारीत कामाला, शेत थोडं, आणि म्हैस एकच. दोन-तीन वर्षं वाट पाहिल्यावर ती म्हैस गाभण राहिली होती. अण्णांनी सकाळीच गावात जाऊन खात्री केली होती आणि कार्ड न्यायला ती संध्याकाळी बाजार आटोपून घरी आली होती. टीव्हीवर चौकोन फिरताना बघून ती दारातच उभी राहिली.

"ह्यात माझी म्हस दिसती व्हय?"

"म्हैस नाही दिसत, तिची तारीख दिसते," मी म्हटलं.

"दावा की मग."

अण्णांनी महिना मागं नेला, चौकोन दहावर आणला, कळ दाबली. उत्तर आलं, सोळा मे. अण्णांनी ते कार्डावर लिहिलं. गंगाक्कानं कार्ड कपाळाला लावून पदरात बांधलं. त्या संध्याकाळी अण्णांनी आणखी दोन कार्डं केली. आईनं गंगाक्काला भाकरी आणि शेंगाची चटणी दिली आणि ती शेवटच्या बसनं गेली.

नंतरचा हिवाळा, माझी परीक्षा, सगळं नेहमीसारखं गेलं. एप्रिलमध्ये, एका सकाळी पडवीत नेहमीची गर्दी असताना गंगाक्का आली. ती बसली नाही. अण्णा एका शेळीचा कान बघत होते. तिनं पदराची गाठ सोडून पिवळं कार्ड काढलं आणि पुढं धरलं.

"डाक्टरसाहेब, ह्ये जरा वाचा."

अण्णांनी वाचलं. "सोळा मे. का ग?"

"म्हस याली. चार दिस झालं. रेडकू आडवं आलं हुतं. मी घरात न्हवते, खानापूरकडं भाचीच्या लग्नाला गेलते. माझ्या म्हाताऱ्या सासूनं एकटीनं वढलं. मेलं रेडकू." तिचा आवाज चढला नव्हता. "अजून एक महिना हाय म्हणून गेलते मी. कागदावर हाय म्हणून."

 अण्णांनी आतून आपली वही आणली, पानं उलटली. मी दाराच्या आड उभी होते. त्यांच्या वहीत भरवल्याची तारीख स्पष्ट होती, दहा जून. त्यांचा अंगठा आपोआप पेरांवर गेला आणि थांबला.

"माझी चूक झाली गंगाक्का," ते म्हणाले. "एप्रिल लिहायला पाहिजे होतं. मे लिहिलं. म्हैस कशी आहे?"

"वार पडलीया. पर पान्हा सोडंना. रेडकू न्हाई तर कशाला सोडंल?"

"मी उद्या येतो."

ती आल्या पावली गेली. आईनं चहा पुढं केला होता तोही तिनं घेतला नाही. अण्णांनी मशीनचं नाव काढलं नाही. आत आल्यावर आईला म्हणाले, "डोळे तपासून घ्यायला पाहिजेत. जूनचं जुलै वाचलं असणार मी." आणि दवाखान्यात निघून गेले.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. चूक अण्णांच्या डोळ्यांची होती, माझी नव्हती. पण दुपारी आई झोपल्यावर मला स्वस्थ बसवेना. कॅसेट लावली. किंकाळ्या संपल्या, कॅलेंडर आलं. मशीन सुरुवातीला आजची तारीख विचारायचं, त्यावर मी एकतीस ऑगस्ट सांगितलं आणि चौकोन तिथं उभा राहिला. महिना मागं न्यायची कळ एकदा दाबली. एकतीस जुलै. पुन्हा दाबली, आणि पडद्यावर आलं, एक जुलै.

जूनला एकतीस तारीख नसते. माझा प्रोग्रॅम तिथं जायचा, एकतीस जून सापडायचा नाही, आणि निमूटपणे एक दिवस पुढं जाऊन एक जुलैवर बसायचा. मी तो नेहमी महिन्याच्या मधल्याच कुठल्या तरी तारखेवरून तपासला होता. कळ दाबूनही महिना जुलैच राही, आणि आमच्या त्या धुरकट टीव्हीवर जुलैची तीन अक्षरं आणि जूनची तीन अक्षरं ह्यांत शेवटच्या एका अक्षराचाच फरक. अण्णांनी दोनदा दाबलं होतं. त्यांच्या मते ते जूनमध्येच होते. आणि इतर वेळी, ज्या महिन्यांची अक्षरं वेगळी दिसतात तेव्हा, ह्याच गोष्टीबद्दल त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी म्हटलं होतं, पुन्हा दाबा.

मी टीव्ही बंद केला.  कुणाला कळणार नव्हतं हे अगदी खरं होतं. अण्णा नवा चष्मा करून आणतील, मी दुरुस्ती करीन, कॅसेटवर नवीन प्रोग्रॅम उतरवीन, झालं. दोन ओळींची दुरुस्ती होती. टीव्ही पुन्हा लावून मी ती तिथंच बसून केलीसुद्धा. मग बाहेर अण्णांच्या स्कूटरचा आवाज आला आणि मी उठून नळापाशी गेले.

ते हातपाय धूत होते तेव्हाच मी सांगितलं, नाहीतर नंतर धीर झाला नसता. सगळं सांगितलं, कळ कुठली, तारीख कुठली, आणि पुन्हा दाबा म्हटलं होतं तेही. ते तांब्या हातात धरून ऐकत राहिले. रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "त्या दिवशी आणखी कुणाची कार्डं केली?"

मला ते सुचलंच नव्हतं. त्यांनी ओल्या हातांनीच वही काढली. एकतीस ऑगस्टच्या पानावर आणखी दोन नावं होती. दोन्ही म्हशी जूनच्या. पेरांवर मोजून अण्णांनी तारखा सांगितल्या. एकीची चोवीस एप्रिल, म्हणजे चार दिवसांवर, दुसरीची तीन मे. कार्डांवर मात्र दोन्हींच्या महिनाभर पुढच्या. "उद्या सकाळी तयार राहा," ते म्हणाले.

"मी कशाला अण्णा? तुम्हीच सांगा ना."

"प्रोग्रॅम कुणी लिहिला?"

"मी."

"मग?"

त्या रात्री आईनं भरली वांगी केली होती, माझ्या आवडीची. मला एक घास गेला नाही आणि आईनं आग्रह केला नाही.

सकाळी आम्ही स्कूटरवरून निघालो. अळणावरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी आंब्याला कैऱ्या लागल्या होत्या. पहिलं घर चोवीस तारखेवाल्या म्हाताऱ्याचं. त्यांचं ठरलं होतं की परवा म्हैस पाच-सहा कोसांवर लेकीच्या सासरी चालवत न्यायची, विण्याला अजून महिना आहे तर तिथंच विऊ दे म्हणून. अण्णा बाजूला उभे राहिले आणि माझ्याकडं बघितलं. मी कन्नडमध्ये कसंबसं सांगितलं की कार्डावरची तारीख चुकली आहे, माझ्यामुळं चुकली आहे, म्हैस तीन दिवसांत विणार आहे. म्हाताऱ्यांनी आधी माझ्याकडं, मग अण्णांकडं, मग म्हशीकडं पाहिलं. "अय्यो, रस्त्यातच व्याली असती की," म्हणाले आणि लगेच मुलाला हाक मारून जाणं रद्द केलं. दुसऱ्या गावचा माणूस तर हसलाच. "कागद राहू दे डॉक्टरसाहेब, तिची कास बघून मी केव्हाच आटवली." अण्णाही हसले. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

गंगाक्काचं घर शेवटी ठेवलं होतं. ती गोठ्यात होती. गुडघ्यांत चरवी धरून म्हशीच्या कासेला हात लावत होती आणि म्हैस पाय आपटून बाजूला सरकत होती. आम्हाला बघून ती उठली, अण्णांना बसायला पोतं टाकलं. अण्णांनी म्हैस तपासली, भिजवलेली पेंड पुढं ठेवायला सांगितली, कास कोमट पाण्यानं कशी शेकायची ते दाखवलं. मग ते माझ्याकडं वळले. आता माझी पाळी होती.

"गंगाक्का, अण्णांची चूक नव्हती," मी म्हटलं. "ते बरोबर करत होते. मशीनला मी चुकीचं शिकवलं होतं."

"त्या टीवीतलं?"

"हो. मी लिहिलेलं."

ती खाली वाकून पेंड हलवत राहिली. मग म्हणाली, "म्हातारीनं सांगितलं हुतं मला. कास सुटलीया, जाऊ नगंस. मी म्हटलं, तुमास्नी काय कळतंय, डाक्टरांच्या कागदावर मे हाय. भांडून गेले मी. चार लोकांत बोलले." तिनं घराकडं मान वळवली. "आल्यापास्नं बोलत न्हाई ती माझ्याशी. एकटीनं वढलं तिनं, हाताची साल निघालीया."

रेडकू गेल्याचं मला ठाऊक होतं. हे मला माहीत नव्हतं. अण्णांनाही नव्हतं.

मी आत गेले. अंधारात डोळे सरावायला वेळ लागला. तिची सासू चुलीजवळ बसली होती, उजव्या हाताला हळद लावून फडकं बांधलेलं. मी समोर बसले आणि म्हटलं, "आजी, मी डॉक्टरांची मुलगी. कार्डावरची तारीख चुकीची होती. तुमचं बरोबर होतं."

तिनं मान वर केली. "काय म्हणालीस?"

"तुमचं बरोबर होतं."

"मोठ्यानं बोल पोरी. मला कमी ऐकू येतंय."

तिला चांगलं ऐकू येत असावं. पण मी मोठ्यानं म्हटलं. तिचं समाधान झालं नाही असं बघून आणखी मोठ्यानं म्हटलं, "आजी, तुमचं बरोबर होतं, कागद चुकला होता!" माझा आवाज गोठ्यापर्यंत, कदाचित शेजारच्या घरापर्यंतही गेला. म्हातारी भिंतीचा आधार घेत उठली, दारात जाऊन उभी राहिली आणि गोठ्याकडं तोंड करून म्हणाली, "ऐकलंस का ग?"

"ऐकलं," गंगाक्का तिकडून म्हणाली.

"मग चुलीवर शेजारणीचं दूध ठेवलंय ते बघ. उतू जाईल. माझा हात दुखतोय."

ते चार-पाच दिवसांतलं पहिलं बोलणं असणार. गंगाक्का आत आली, दूध उतरवलं, आणि सासूचं फडकं सोडून हात बघायला लागली.  निघताना गंगाक्कानं आम्हा दोघांना ताक दिलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. ताक आंबट होतं, मी सगळं प्याले.

(आजही कुठल्या मशीनवर तारखेचा चौकोन दिसला की मी आधी एकतीस तारखेवर जाते आणि महिना मागं घेऊन बघते. माझ्या हाताखाली काम शिकणारी मुलं हसतात. त्यांना मी गंगाक्काचं सांगितलेलं नाही. लिहून ठेवणं सोपं वाटतं.)

 परतताना केलगेरीच्या तळ्यापाशी अण्णांनी स्कूटर थांबवली. मला वाटलं, आता बोलणी खायची. ते बांधावर बसले, चष्मा काढून पुसला.

"मी नोकरीला लागलो तेव्हा कलघटगीकडं होतो," ते म्हणाले. "एका माणसाची गाय विऊन खाली बसली होती. उठेना. कॅल्शियम द्यायचं होतं शिरेतून. सावकाश द्यायचं असतं. मला दुसरीकडं जायची घाई होती, भरभर सोडलं. सुई शिरेत असतानाच गाय गेली."

ते चष्म्याची काच पुन्हा पुसू लागले.

"त्याला सांगितलं, रोग फार पुढं गेला होता, उशिरा बोलावलंत. त्यानं हात जोडले मला. म्हणाला, तुम्ही एवढे लांब आलात. जाताना गूळ बांधून दिला." त्यांनी चष्मा घातला. "तू काल नळापाशी उभी राहून सगळं सांगत होतीस, तेव्हापासून तो माणूस डोळ्यांसमोरून जाईना."

"तुम्ही नंतर कधी सांगितलं नाही?"

"नाही. बदली झाली. मग राहूनच गेलं."

तळ्यात म्हशी डुंबत होत्या, नुसती डोकी वर.  मग ते उठले, स्कूटरला लाथ मारली आणि आम्ही घरी आलो.

पुढं घरात काही ठरलं नाही, पण कार्डं करताना अण्णा आधी पेरांवर मोजू लागले आणि मग मशीनवर. दोन्ही जुळल्याशिवाय पेन उचलायचे नाहीत. एखाद-दोन दिवसांचा फरक आला तर मला हाक मारायचे आणि आम्ही दोघं शोधत बसायचो की चूक कुणाची. बहुतेक वेळा त्यांच्या पेरांची असायची आणि त्यांना त्याचं वाईट वाटायचं नाही.

आम्ही गावं हिंडून आलो त्याच आठवड्यातल्या रविवारी मी उठले तेव्हा पडवीत दोन माणसं ताटकळत बसली होती आणि अण्णा नव्हते. स्कूटर नव्हती. आईला काही सांगून गेले नव्हते. माणसं वाट बघून गेली. दुपारी दीडच्या सुमारास स्कूटरचा आवाज आला. अण्णा आले, पायांवर लाल धूळ, शर्ट पाठीला चिकटलेला. हातपाय धुऊन पाटावर बसले. आईनं ताट वाढलं, झुणका, भाकरी, कांदा. त्यांनी एक भाकरी खाल्ली, दुसरी मागून घेतली.

"न सांगता कुठं गेला होतात एवढ्या उन्हात?" आईनं विचारलं.

"कलघटगीकडं," अण्णा म्हणाले. "एकाला भेटायचं राहिलं होतं."

"भेटले?"

"भेटला. म्हातारा झालाय. ओळखलंन् मला." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्याला ठाऊक होतं. म्हणाला, तेव्हाच कळलं होतं मला."